लुई ब्रेल : आंधळ्यांच्या बोटांस अक्षरें देणारा

फ्रान्स देशाची राजधानी जें पॅरिस शहर, त्याच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर कूव्रे नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं लुई ब्रेल ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप सिमाँ-रने हा घोड्यांचीं खोगिरें, लगाम व पट्टे करणारा कारागीर होता. आईचें नांव मोनिक. चार भावंडांत लुई हा शेंडेफळ. हें कुटुंब हातच्या कसबावर पोट भरणारें असून गांवांत त्याला मान होता.

लुई तीन वर्षांचा असतां, १८१२ सालीं, तो बापाच्या कामाच्या जागीं खेळत होता. चामड्याला भोंकें पाडण्याची आरी त्याच्या हातीं लागली. बापाप्रमाणें आपणहि चामडें टोचावें असें त्याला वाटलें; पण आरी निसटली व डोळ्यांत शिरली. त्या काळीं अशा जखमेवर खरा इलाज कोणापाशींच नव्हता. जखम चिघळली, तिचें विष दुसऱ्या डोळ्यांतहि उतरलें, आणि पांच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टि पूर्णपणें गेली.

वाचकहो, त्या काळीं आंधळ्या मुलाच्या वांट्यास काय येत असे तें आपणांस सांगावयास नको. कटोरा हातीं देऊन त्याला रस्त्याच्या कडेला बसवीत, नाहीं तर घराच्या कोपऱ्यांत दोन वेळां भाकर घालून ठेवीत. पण लुईच्या आईबापांनीं ह्यांतलें कांहींच केलें नाहीं. आरी उघड्यावर राहिली ह्याचें दुःख बापाला झालेंच असेल. परंतु तो दुःख करीत बसला नाहीं. त्यानें मुलासाठीं काठ्या तासून दिल्या, आणि त्या टेकीत लुई गांवभर एकटा फिरूं लागला. बापानें त्याला दुकानांतील लहानसहान कामें दिलीं. लांकडांत खिळे ठोकून त्यांचीं अक्षरें बनवून तीं बापानें त्याला बोटांनीं ओळखावयास शिकविलीं, असेंहि सांगतात. गांवच्या रोमन मंडळीचे धर्मगुरु पालुई ह्यांनीं त्याला जवळ बसवून शिकविलें. मग गांवच्या शाळेचे गुरुजी बेशरे ह्यांनीं ह्या आंधळ्या मुलाला डोळस मुलांच्या बरोबरीनें वर्गांत घेतलें. पुस्तक त्याला वाचतां येत नव्हतें. तरी ऐकलेलें तो ध्यानांत ठेवी व विचारल्यास चटकन् उत्तर देई.

येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. पुढें जगांतील आंधळ्यांना ज्यानें वाचन दिलें, त्याची पहिली शाळा राजधानींत भरली नाहीं. एक घर, एक धर्मगुरु व एक खेड्यांतला मास्तर ह्यांनीं ती भरविली. त्यांच्यापैकीं कोणालाहि आंधळ्यांस शिकविण्याचें खास शिक्षण मिळालें नव्हतें. हें मूल शिकेल, एवढा विश्वास मात्र त्यांच्यापाशीं होता.

पॅरिस येथें आंधळ्या मुलांसाठीं एक शाळा होती. व्हॅलेंटिन हॉइ नांवाच्या गृहस्थानें ती स्थापिली होती. एकदां एका जत्रेंत आंधळ्यांना विचित्र वेष घालून लोकांच्या हंशाकरितां बसविलेलें त्यानें पाहिलें, आणि तें त्याच्या जिवाला लागलें. पुढें १७८४ सालीं एका आंधळ्या भिकारी तरुणाला घेऊन त्यानें शिकविण्यास आरंभ केला. जाड कागद ओला करून ठशांवर दाबला म्हणजे त्यावर अक्षरें फुगून येतात व तीं बोटांस लागतात, ही युक्ति त्यानें चालविली. ह्याच शाळेंत ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं दहा वर्षांचा लुई दाखल झाला. इमारत जुनी व दमट होती. पुस्तकें अगदीं थोडीं, आणि एकेक पुस्तक इतकें जड कीं मुलाला उचलवेना. एकेका अक्षराच्या रेघेवरून बोट फिरवीत जावें, तों वाक्याच्या शेवटीं पोंचेपर्यंत आरंभ विसरून जाई. लिहिण्याची तर सोयच नव्हती. तीं अक्षरें डोळ्यांकरितां घडलेलीं होतीं, तीं फक्त फुगविलेलीं होतीं. बोटाला काय सोपें पडतें ह्याचा विचार अजून कोणीं केला नव्हता.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नांवाचा तोफखान्यावरील एक माजी अंमलदार आपली एक पद्धति घेऊन शाळेंत आला. रात्रीं अंधारांतहि वाचतां यावें अशी ती होती. तींत रेघा नव्हत्या. उठावदार टिंबें होतीं. परंतु एकेक खूण बारा टिंबांपर्यंत असे, त्यामुळें ती एका बोटाखालीं मावत नसे. शिवाय ती नुसत्या उच्चाराची खूण. तींत शब्दाचें शुद्धलेखन नाहीं, विरामचिन्हें नाहींत, आंकडे नाहींत, संगीत नाहीं. बारा वर्षांच्या लुईला त्यांतील गुण व दोष दोन्ही कळले. टिंब बोटाला रेघेपेक्षां फार लवकर समजतें, हा गुण त्यानें उचलला. दिवसां अभ्यास करून रात्रीं मुलें निजलीं म्हणजे तो कागद टोचीत बसे. सुटींत घरीं गेला कीं तेथेंहि तेंच काम. अशीं तीन वर्षें गेलीं. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्याची लिपि तयार झाली. ज्या प्रकारच्या टोंकदार हत्यारानें त्याचा डोळा गेला, तशाच टोंकदार टोचणीनें तो आतां आंधळ्यांची वाट उघडीत होता.

ह्या लिपीची रचना आमच्या शिक्षकांनीं समजून घ्यावी. दोन उभ्या रांगा, प्रत्येकींत तीन, अशीं सहा टिंबें. सारीं मिळून बोटाच्या एका टोंकाखालीं मावतात. ह्या सहांपैकीं कोणतीं उठवावीं व कोणतीं सोडावीं ह्यावरून ६३ निरनिराळ्या खुणा होतात. पहिल्या दहा अक्षरांना त्यानें वरचीं चारच टिंबें वापरलीं. पुढील दहा अक्षरांना त्याच दहा खुणा घेऊन डाव्या रांगेंतील तिसरें टिंब जोडलें. त्यापुढच्यांना उजव्या रांगेंतील तिसरेंहि जोडलें. म्हणजे दहा खुणा नीट पाठ झाल्या कीं पुढचें ओझें हलकें होतें. आंकड्यांनाहि पहिल्या दहा अक्षरांच्याच खुणा; आधीं आंकड्याची एक खूण घातली म्हणजे झालें. लिहावयाचें तें भोंकें असलेल्या पट्टीखालीं जाड कागद ठेवून टोचणीनें. टिंबें कागदाच्या पलीकडील बाजूस उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे टोंचावें व कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावें. पूर्वी आंधळ्याला दुसऱ्याचें लिहिलेलें कसेंबसें चाचपतां येत होतें. आतां त्याला स्वतःचें मन कागदावर उतरवितां येऊं लागलें.

शिक्षण संपल्यावर लुई त्याच शाळेंत राहून शिकवूं लागला, आणि १८३३ सालीं तो पुरा शिक्षक झाला. १८२९ सालीं त्यानें आपल्या पद्धतीचें पुस्तक प्रसिद्ध केलें, व १८३७ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. तो ऑर्गन फार उत्तम वाजवी व पॅरिसमधील देवळांत उपासनेच्या वेळीं वाजविण्याचें काम करी. म्हणूनच संगीताच्या खुणाहि त्यानें आपल्या लिपींत बसविल्या. आंधळ्यांना डोळस नातलगांस पत्र लिहितां यावें ह्यासाठीं १८३९ सालीं त्यानें आणखी एक पद्धति काढली. तींत टिंबांनीं नेहमींच्या अक्षरांचाच आकार होई, त्यामुळें घरच्या मंडळीला तें पत्र डोळ्यांनीं वाचतां येई. त्या कामाकरितां फूको नांवाच्या दुसऱ्या एका आंधळ्या गृहस्थानें यंत्रहि बनविलें.

पण त्याच्या मुख्य लिपीस मान मिळाला नाहीं. १८४० सालीं शाळेचे जुने अधिकारी पिन्ये ह्यांना काढण्यांत आलें व द्यूफो हे त्या जागीं आले. आंधळ्यांनीं डोळसांचींच अक्षरें वाचावीं, वेगळी लिपि शिकल्यास ते समाजापासून तुटतील, असा पुष्कळ डोळस शिक्षकांचा ग्रह होता. हेतु वाईट नव्हता. पण ज्यांच्याकरितां शाळा, त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. टिंबांची लिपि बंद करण्यांत आली. तरी मुलें ती सोडीनात. तीं गुपचूप टोचीत व एकमेकांस शिकवीत. जें खरोखर उपयोगी पडतें तें हुकुमानें मरत नाहीं. पुढें उपअधिकारी ग्वादे ह्यांना तिचें महत्त्व पटलें, त्यांनीं वरिष्ठांचें मन वळविलें, आणि फेब्रुवारी १८४४ मध्यें नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळीं ह्या लिपीचा गुण सर्वांसमक्ष दाखविण्यांत आला. मुलांनीं ऐकलेलें लिहिलें व लिहिलेलें वाचलें. मग वादास जागा उरली नाहीं.

त्या वेळीं लुईचें शरीर क्षयानें पोखरलें होतें. तो शिकवी, आजारी पडे, कूव्रेस जाऊन विसांवा घेई, व पुन्हां येऊन शिकवी. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाला ४३ वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले असतां, त्याचा अंत झाला. त्याच्यामागें एक पेटी सांपडली, ती न उघडतां जाळावी असें त्यानें सांगितलें होतें, असें म्हणतात. उघडून पाहतात तों आंत त्यानें गरीब विद्यार्थ्यांस दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. कोणाकडूनहि तें कर्ज वसूल होऊं नये अशी त्याची इच्छा होती. १८५४ सालीं शाळेनें त्याची लिपि रीतसर स्वीकारली. १८७८ सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें तिला मान्यता दिली. १९५२ सालीं फ्रान्सनें त्याच्या अस्थि थोर पुरुषांच्या स्मारकमंदिरांत नेऊन ठेविल्या. मात्र त्याचे हात कूव्रे गांवानें आपल्यापाशींच ठेवून घेतले.

ह्या हातांचें काम आमच्या देशापर्यंतहि आलें. १८८७ सालीं अमृतसर येथें मिस ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनीं आंधळ्यांची शाळा काढली. १९०० सालीं मुंबई येथें अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड ह्यांनीं आंधळ्या मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून नांवारूपास आली. पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्तिसदनांतहि आंधळ्या स्त्रियांस व मुलींस आसरा व शिक्षण मिळालें. आरंभीं हिंदुस्थानांत प्रांतोप्रांतीं टिंबांची निरनिराळी मांडणी होती. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांकरितां एकच भारती ब्रेल ठरविण्यांत आली, आणि मराठीहि तींतच लिहितात.

मराठी आईबापांस ती शिकणें कठीण नाहीं. डाव्या रांगेचें वरचें एकच टिंब म्हणजे अ. त्याखालचें आणखी एक घेतलें म्हणजे ब. डाव्या रांगेचीं तिन्ही घेतलीं म्हणजे ल. मधलें सोडून वरचें व खालचें घेतलें म्हणजे क. एका फळीवर सहा खळगे करून त्यांत चिंचोके मांडले तरी पहिला धडा होतो. बल, कल, कलकल इतके शब्द ह्या तीन व्यंजनांतूनच मुलाच्या बोटाखालीं येतात. वेलांटी, मात्रा वगैरे अक्षराच्या वरखालीं न देतां त्या त्या स्वराची खूण व्यंजनापुढें घालतात. डोळस आईबापांनीं व शिक्षकांनीं ही लिपि डोळ्यांनीं वाचली तरी चालते. चिंचोक्यांवर खूण ओळखूं आली म्हणजे लहान टिंबांचा कागद हातीं द्यावा.

परंतु अक्षरांच्या आधीं दुसरें शिक्षण आहे, आणि तें कूव्रेच्या घरांत झालें तसेंच आमच्या घरांत झालें पाहिजे. मुलाला काठी द्या व वाट शिकवा. धान्य निवडणें, पाणी भरणें, दोर वळणें, अशीं कामें त्याचा हात धरून दाखवा व मग हात सोडा. जी वस्तु तो पाहूं शकत नाहीं, ती त्याच्या हातीं देऊन तिचें नांव सांगा. उपासनेंत त्याला मागें बसवूं नका. गीतें व शास्त्रवचनें तो इतर मुलांच्या आधीं पाठ करील. आणि शाळेचें वय झालें कीं त्याला शाळेंत घाला. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यानें ठरविलेल्या प्रमाणांत अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. मास्तर नाहीं म्हणाले तर उपदेशकानें बापाबरोबर जावें.

आमच्या मंडळ्यांतून अजूनहि कोठें कोठें असें ऐकूं येतें कीं मूल आंधळें जन्मलें तें कोणाच्या तरी पापामुळें. शिष्यांनींहि आपल्या प्रभूला हाच प्रश्न केला होता, व प्रभूनें तो विचार साफ नाकारला. देवाचें कार्य त्या मनुष्याच्या ठायीं दिसावें, एवढेंच त्यानें पुढें ठेविलें. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडूं लागला तेव्हां लोकांनीं त्याला गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. प्रभु मात्र थांबला व त्यानें त्याला बोलावून घेतलें. प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गांवांत असें कोणी मूल कोपऱ्यांत बसलें असेल, तर येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर त्याच्या घरीं जा, आणि जातांना सहा चिंचोके घेऊन जा.