मुक्या भिंतींना बोलते करणारा शांपोल्यों

ईजिप्त देशात नाईल नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वी भव्य मंदिरे उभी राहिली. त्यांच्या भिंतींवर पक्षी, सर्प, डोळे, सूर्यबिंब अशा चित्रांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या होत्या. ती केवळ शोभा नव्हती, ती लिपी होती. परंतु इसवी सनाच्या पाचव्या शतकानंतर ती वाचू शकणारा एकही मनुष्य उरला नाही. सुमारे चौदाशे वर्षे त्या भिंती मुक्या राहिल्या. त्यांना पुन्हा बोलते करणारा विद्वान म्हणजे जाँ फ्रान्स्वा शांपोल्यों होय.

शांपोल्योंचा जन्म २३ डिसेंबर १७९० रोजी फ्रान्समधील फिजाक ह्या लहानशा गावी झाला. त्याचे वडील पुस्तकविक्रेते होते. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या जाक-जोझेफ ह्या भावाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. लहान वयातच शांपोल्योंने लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी अशा अनेक भाषा शिकण्यास प्रारंभ केला. पुढे पॅरिस येथे त्याने कॉप्टिक भाषेचा कसून अभ्यास केला. कॉप्टिक ही प्राचीन ईजिप्शियन भाषेचीच लेक. ईजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ती टिकून राहिली होती. ह्या भाषेचा त्याला इतका ध्यास लागला, की स्वतःशी बोलतानाही तो तिचाच उपयोग करी.

१७९९ साली ईजिप्तमध्ये रोझेटा नावाच्या गावाजवळ एक शिलालेख सापडला. त्यावर एकच राजाज्ञा चित्रलिपी, लोकव्यवहारातील लिपी आणि ग्रीक अशा तीन प्रकारे कोरलेली होती. ग्रीक मजकूर वाचता येत होता, तरी चित्रलिपीचे कोडे काही सुटेना. प्रत्येक चित्र म्हणजे एक कल्पना, असा विद्वानांचा समज होता. शांपोल्योंने चिन्हे मोजून पाहिली. ग्रीक शब्द भरले ४८६ आणि चित्रचिन्हे भरली १४१९! एका चिन्हाचा एक शब्द होत असता, तर एवढी चिन्हे लागली नसती. तेव्हा काही चिन्हे उच्चारही दाखवीत असली पाहिजेत.

हा काळ त्याला सुखाचा नव्हता. नेपोलियनच्या पाडावानंतर राजकीय कारणांवरून त्याला ग्रनोब्ल शहर सोडून जन्मगावी राहावे लागले होते. प्रकृती नाजूक, पैसा थोडा. पण अभ्यास सुटला नाही. १४ सप्टेंबर १८२२ रोजी ईजिप्तमधील एका मंदिरातील लेखाची प्रत त्याच्या हाती आली. राजाच्या नावात प्रथम सूर्यबिंब होते. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात. पुढे जन्माचा अर्थ दाखवणारे चिन्ह आणि शेवटी दोन वेळा ‘स’ होता. नाव जुळले : रामसेस! तो धावतच भावाकडे गेला आणि शोध लागल्याचे सांगताच मूर्च्छित होऊन पडला. काही दिवसांनी, २७ सप्टेंबर रोजी, त्याचा शोध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडण्यात आला.

परंतु नावे वाचली म्हणजे भाषा समजली असे नाही. त्यासाठी व्याकरण हवे. गोदावरीच्या काठी नांदेडला किंवा लातूरच्या शिवारात राहणारे मूल ‘रोप जगते’ आणि ‘शेतकरी रोप जगवतो’ ही दोन्ही वाक्ये सहज बोलते. दुसऱ्या वाक्यात कर्ता क्रिया घडवून आणतो. म्हणून ‘जगवणे’ हे प्रयोजक क्रियापद होय. प्राचीन ईजिप्शियन भाषेतही अशी क्रियापदे होती. मराठीत ‘व’ धातूच्या मागून येतो; तेथे ‘स’ पुढे लागे. ‘अंख’ म्हणजे जगणे, ‘सअंख’ म्हणजे जगवणे. ‘मन’ म्हणजे टिकणे, ‘समन’ म्हणजे टिकवणे. क्रियापद चालवताना शेवटी ‘तो’ ह्या अर्थाचा ‘फ’ येई : ‘अंखफ’ म्हणजे तो जगतो, ‘सअंखफ’ म्हणजे तो जगवतो. त्या लिपीत स्वर लिहीत नसत. म्हणून हे उच्चार आज सोयीने ठरवलेले आहेत. मात्र ह्या ‘स’ची खूण कॉप्टिकमध्येही उरली आहे. तेथे ‘मून’ म्हणजे टिकून राहणे आणि ‘स्मिने’ म्हणजे स्थापन करणे.

असे व्याकरण रचण्याचे काम शांपोल्योंने हाती घेतले. १८२८ साली तो ईजिप्तला गेला आणि ज्या लेखांच्या केवळ प्रती पाहिल्या होत्या, ते त्याने प्रत्यक्ष वाचले. १८३१ साली त्याला पॅरिसमध्ये प्राध्यापकपद मिळाले. पण शरीर थकले होते. आजारातही तो व्याकरणाचे हस्तलिखित तपाशीत राहिला आणि अखेर ते त्याने भावाच्या स्वाधीन केले. ४ मार्च १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. भावाने दुःख गिळून ते व्याकरण छापण्यास घेतले. १८३६ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे मराठी भाषेचे व्याकरणही प्रसिद्ध झाले.

पुढील विद्वानांनी शांपोल्योंच्या चुका सुधारल्या आणि नवे नियम शोधले. पण पाया त्याचाच राहिला. तो स्वतः फार वर्षे जगला नाही. परंतु एक विसरलेली भाषा त्याने जगवली.