नफ्याला मर्यादा घालणारा संपादक

मँचेस्टर म्हटले की मराठी वाचकाला कापडाच्या गिरण्या आठवतात आणि पाठोपाठ स्वदेशीची चळवळ. परंतु याच शहराने वृत्तपत्रव्यवसायालाही एक आर्थिक धडा घालून दिला आहे. जाहिरातींचे उत्पन्न आटल्यामुळे देशोदेशी जुनी वृत्तपत्रे बंद पडत आहेत किंवा बातमीदारांची संख्या घटवून कशीबशी तग धरत आहेत. अशा वेळी ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक चार्ल्स प्रेस्टविच स्कॉट यांचे चरित्र मननीय ठरते.

स्कॉट यांचा जन्म १८४६ साली बाथ येथे झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून १८७१ मध्ये ते ‘गार्डियन’मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, संपादक झाले. मालक जॉन एडवर्ड टेलर हे त्यांच्या नात्यातलेच. टेलर यांच्या वडिलांनी १८२१ मध्ये काढलेले हे साप्ताहिक १८५५ साली वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर उठताच दैनिक झाले होते. स्कॉट यांनी त्याची धुरा सत्तावन्न वर्षे वाहिली. उतारवयातही सायकलवरून कचेरीत येणारा हा संपादक मँचेस्टरच्या नित्य परिचयाचा होता.

त्यांची खरी कसोटी १८९९ मध्ये लागली. बोअर युद्धाच्या उन्मादात बहुतेक ब्रिटिश वृत्तपत्रे वाहून गेली असता ‘गार्डियन’ने युद्धाला विरोध केला. साम्राज्यवादाच्या आर्थिक मीमांसेमुळे पुढे विख्यात झालेले जे. ए. हॉब्सन यांना स्कॉट यांनी वार्ताहर म्हणून दक्षिण आफ्रिकेत पाठविले होते. परिणाम व्हायचा तोच झाला. वाचक रागावले, खप घटला, कचेरीला आणि संपादकाच्या घराला पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. याच सुमारास नॉर्थक्लिफ यांचे अर्ध्या पेनीचे ‘डेली मेल’ युद्धज्वरावर स्वार होऊन दहा लाखांच्या घरात पोहोचत होते आणि १९०० पासून मँचेस्टरमध्येच छापले जाऊ लागले होते. बाजाराचा कौल उघड होता. स्कॉट यांनी तो मानला नाही.

मात्र हा निग्रह शक्य झाला तो मालकाने साथ दिली म्हणून, हे विसरता येणार नाही. १९०५ मध्ये टेलर निवर्तले आणि हा आधार तुटला. पत्राचे स्वामित्व स्कॉट यांना दहा हजार पौंडांत द्यावे, अशी इच्छा मृत्युपत्रात होती. परंतु विश्वस्तांवर विक्रीचे बंधन नव्हते. घासाघीस लांबली आणि अखेर १९०७ मध्ये, नातलगांकडून कर्ज काढून, स्कॉट यांना सुमारे दोन लाख चाळीस हजार पौंड मोजावे लागले. संपादक मालक झाला. पण कर्जबाजारी मालक झाला.

एवढे कर्ज डोक्यावर असता पत्राचा दर्जा थोडा सैल सोडून खप वाढविण्याचा मोह कोणालाही झाला असता. स्कॉट यांनी उलट वाट धरली. नफा वाटून घेण्यापेक्षा तो पत्रात परत घालावा, हे त्यांनी सूत्र मानले. वृत्तपत्र हा धंदा आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. परंतु धंद्याचे यश हे साधन, साध्य नव्हे, अशी त्यांची धारणा होती. पत्राच्या शताब्दीनिमित्त १९२१ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी ती मांडली. पुढच्याच वर्षी युरोपच्या आर्थिक पुनर्रचनेवर ‘गार्डियन’च्या व्यापारी आवृत्तीने काढलेल्या पुरवण्या जॉन मेनार्ड केन्स यांनी संपादित केल्या.

तरीही ताळेबंद निव्वळ तत्त्वावर जुळत नाही. १९२४ मध्ये स्कॉट यांचे चिरंजीव जॉन यांनी ‘मँचेस्टर इव्हनिंग न्यूज’ हे सायंदैनिक विकत घेतले. त्याच्या छोट्या जाहिरातींच्या कमाईवर ‘गार्डियन’ पुढे कित्येक दशके तगला. म्हणजे गंभीर पत्रकारितेचा खर्च वाचकाच्या पेनीतून कधीच भागला नाही. तो दुसऱ्या कोणीतरी उचलला. प्रश्न एवढाच की जो पैसा उरतो, तो कोणाच्या खिशात जातो?

याचे उत्तर स्कॉट यांच्या निधनानंतर मिळाले. १९२९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ जानेवारी १९३२ रोजी वारले. चारच महिन्यांत, संपादकपदावर आलेले त्यांचे पुत्र एडवर्ड विंडरमिअर सरोवरात बुडून मरण पावले. आता जॉन यांच्यामागे वारसाकर भरताना पत्र विकावे लागण्याचे भय होते. तेव्हा १९३६ मध्ये जॉन यांनी आपले भागभांडवल न्यासाच्या स्वाधीन केले आणि स्वतःसह वारसांचा हक्क कायमचा सोडला. पित्याचा वैयक्तिक संयम पुत्राने संस्थेचा नियम केला.

त्या न्यासाचा मार्गही निष्कंटक नाही. सायंदैनिक २०१० मध्ये विकावे लागले. छोट्या जाहिराती इंटरनेटने केव्हाच पळविल्या होत्या. मोटारींच्या जाहिरातींच्या ‘ऑटो ट्रेडर’मधील हिस्सा २०१४ मध्ये विकून गंगाजळी भक्कम करण्यात आली. २०२५ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक, पत्रकारांचा संप होऊनही, दुसऱ्यांच्या हाती गेले. न्यास म्हणजे तोट्यावरील रामबाण उपाय नव्हे.

तथापि, ज्या कंपन्यांनी भरभराटीच्या काळात मिळालेला नफा लाभांशाच्या रूपाने वाटून टाकला, त्यांच्यापाशी पडत्या काळात खर्च छाटण्यावाचून मार्ग उरला नाही. स्कॉट घराण्याने तो घेतला नाही, म्हणून ‘गार्डियन’ला निदान लढण्यापुरती शिदोरी उरली. चांगल्या पत्रकारितेचे भवितव्य नव्या यंत्रावर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक सुगीच्या दिवसांत मालक आपल्या नफ्याला कोठे मर्यादा घालतो, यावर अवलंबून आहे.