नव्या पिढीला वाट देणारे यशवंतराव

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. आई विठाबाईंनी कष्टाने वाढविले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगून १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. १९५६ मध्ये, ४३व्या वर्षी, ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

सत्ता हाती आल्यावरही मागून येणाऱ्यांचा त्यांना विसर पडला नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या ग्रामीण तरुणांसाठी कारभाराची शाळाच ठरल्या. तेथे घडलेले अनेक कार्यकर्ते पुढे आमदार झाले. १९६७ मध्ये बारामतीतून २६ वर्षांच्या शरद पवारांना उमेदवारी मिळाली, तीही यशवंतरावांच्याच पाठबळाने. पवार १९७८ मध्ये, ३७व्या वर्षी मुख्यमंत्री झाले.

आमदारकीसाठी राज्यघटनेने किमान वय २५ ठरविले आहे. तथापि ज्येष्ठांनी वाट दिल्याखेरीज हा अधिकार बहुधा कागदावरच राहतो. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी निवर्तलेल्या यशवंतरावांनी ती वाट स्वतः सत्तेवर असताना खुली केली, हे त्यांचे मोठेपण.