आतड्यातल्या जंतूंवर पहिला संशय घेणारा माणूस: फॅटी लिव्हरच्या आधीची गोष्ट

पोटाच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं की धाराशिव असो की मुंबई, पहिला संशय दारूवर जातो. पण दारूला कधी हात न लावलेल्या जाड माणसाच्या लिव्हरमध्येही चरबी साठते. त्यात आतड्यातल्या जंतूंचाही हात असतो, असं गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन सांगतंय. मात्र या जंतूंवर शंभर वर्षांपूर्वीच बोट ठेवणारा एक माणूस होता, एली मेचनिकॉव्ह.

त्याचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. गडी हुशार. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत संपवला. घरात मात्र दुःखच होतं. पहिली बायको ल्युडमिला क्षयानं इतकी खंगलेली होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली आणि खचलेल्या मेचनिकॉव्हनं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. दोन वर्षांनी त्यानं ओल्गाशी लग्न केलं.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी त्यानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला! शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळणाऱ्या या पेशी म्हणजे फॅगोसाइट. याच शोधासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिशसोबत मिळालं.

१८८८ मध्ये तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. ओडेसातला त्याचा एक विद्यार्थीही पाठोपाठ तिथं पोचला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. हाच हाफकिन पुढं मुंबईत आला आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस त्यानं आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

इकडं गुरूच्या डोक्यात आता म्हातारपण घोळत होतं. मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, त्यातून विष तयार होतं, ते रक्तात उतरतं आणि माणूस लवकर थकतो, असा त्याचा सिद्धांत होता. उपाय काय, तर बल्गेरियातले शेतकरी खातात तसं दही. तो स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचा. त्याच्यामुळं युरोपात दह्याची फॅशनच आली. पण तो वाहवतही गेला. मोठं आतडं माणसाला नकोच आहे, इथपर्यंत त्याची मजल गेली. तिकडं लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचा सर्जन खरोखरच पेशंटची मोठी आतडी कापून काढत होता.

१९१६ मध्ये हृदयविकारानं मेचनिकॉव्ह गेला, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. पुढं त्याचा सिद्धांतही अडगळीत पडला.

गंमत अशी की कोड्याचे दोन्ही तुकडे त्याच्या हातात होते. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश याच वाटेनं येतं. लठ्ठपणात आतड्यातली जंतूंची वस्ती बदलते, आतड्याचं अस्तर सैल पडू शकतं आणि मेलेल्या जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात. लिव्हरमध्ये त्यांना अडवायला कुप्फर पेशी बसलेल्या असतात. त्या मेचनिकॉव्हच्या फॅगोसाइटच. पण हा मारा रोजचाच झाला की त्या चिडलेल्याच राहतात, आणि नुसती चरबी असलेल्या लिव्हरला सूज यायला लागते.

२००४ मध्ये अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या टीमनं एकही जंतू नसलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जंतू सोडले. खाणं कमी होऊनही दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी निम्म्याहून जास्त वाढली. लिव्हरमधलीही वाढली.

मग ताक पिऊन फॅटी लिव्हर जातं का? तसा पक्का पुरावा अजून नाही. वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर लिव्हर सुधारतं, हे मात्र पक्कं आहे. भाकरीसोबत बिनसाखरेचं ताक घ्यायला काहीच हरकत नाही. भूमचा खवा दुधाचाच असला तरी त्याला ही सवलत नाही.