पाण्यावरून उडणारे ग्लेन कर्टिस



ग्लेन कर्टिस यांचा जन्म २१ मे १८७८ रोजी अमेरिकेतील हॅमंड्सपोर्ट या लहान गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण आठवीपर्यंत झाले. मग सायकलचे दुकान काढले, पुढे मोटारसायकली आणि हलकी इंजिने बनवली.

१९०८ मध्ये टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या मंडळात असताना त्यांनी विमानाला तरंगणारे पोकळ ठोकळे बांधून तळ्यावर प्रयोग केला. विमान पाण्यावर धावले, पण उडाले नाही. १९१० मध्ये फ्रान्सच्या आन्री फाब्र यांनी पाण्यावरून पहिले उड्डाण केले. पहिला मान गेला, तरी कर्टिस यांनी काम सोडले नाही. २६ जानेवारी १९११ रोजी सॅन डिएगोच्या खाडीतून ते उडाले आणि सुखरूप पाण्यावर उतरले.

१९१२ मध्ये त्यांनी नावेच्या आकाराचे विमान बनवले. आता पाणी तळाला धरून ठेवू लागले. तेव्हा त्यांनी तळाला एक पायरी दिली. वेग वाढला की पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. अशी पायरी आजच्याही जलविमानांना असते. २३ जुलै १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

आठवी शिकून इतके होते तर शाळा कशाला, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, त्यांची शाळा सुटली, शिकणे सुटले नाही. पालकांना आमची विनंती आहे: मुलाने बनवलेली वस्तू चालली नाही तर रागावू नका. का चालली नाही, हे त्याच्याजवळ बसून शोधा.