रामशास्त्र्यांचा निवाडा आणि ठाण्याचा किल्ला

सर्व राज्यसत्ता एकाच हातीं एकवटली म्हणजे न्यायाची काय दशा होते, हें पाहण्यास परदेशाच्या इतिहासाकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. रामशास्त्री प्रभुणे यांचें चरित्र व आपल्या ठाण्याचा जुना किल्ला यांत तो धडा स्पष्ट दिसतो.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळील माहुलीचे. काशीस अध्ययन करून ते पेशव्यांच्या पदरीं आले व पुढें मुख्य न्यायाधीश झाले. थोरल्या माधवरावांसारख्या करारी धन्यालाही ते भीड न धरितां चार शब्द सुनावीत, अशी त्यांची ख्याति होती.

खरी कसोटी पुढेंच होती. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला व चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्र्यांनीं चौकशी केली, दोष रघुनाथरावांच्या पदरीं घातला, आणि देहान्त प्रायश्चित्तावांचून या पातकास दुसरा उपाय नाहीं असें सांगून पुणें सोडलें. निवाडा झाला, पण तो अमलांत कोणीं आणावा? न्यायाधीश पेशव्यांचा चाकर, शिपाई पेशव्यांचे, आणि आरोपीही पेशवाच! रघुनाथरावांस दूर केलें तें न्यायासनानें नव्हे, बारभाईंच्या फौजेनें. शास्त्रीबोवा पुनः न्यायासनावर बसले व १७८९ सालीं निवर्तले.

इकडे रघुनाथरावांनीं इंग्रजांचा आश्रय शोधला. वाटाघाट चालू असतांच १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहानें रघुनाथरावांनीं साष्टी व वसई त्यांस लिहून दिली. पेशव्यांच्या घरांतील गुन्ह्याची किंमत अशी आमच्या भागानें भरली.

पुढें १८१५ सालीं पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावांच्या मर्जींतील त्रिंबकजी डेंगळे यांवर होता. या वेळीं पुण्यांत रामशास्त्री नव्हते. पेशव्यांनीं चालढकल केली, इंग्रज रेसिडेंटानें आग्रह धरला, आणि डेंगळे त्याच ठाण्याच्या किल्ल्यांत कैदेंत पडले. १८१६ त ते निसटले. १८१८ त पेशवाई बुडाली. जें राज्य आपल्या घरचा न्याय करीत नाहीं, त्याचा न्याय परका करूं लागतो.

परक्यानेंही सत्ता विभागली नाहीं. जिल्ह्याचा कलेक्टर तोच मॅजिस्ट्रेट राहिला. न्यायखातें अंमलदारांपासून वेगळें करावें असें १९५० सालीं अमलांत आलेल्या संविधानाच्या ५० व्या कलमानें सांगितलें, व १९५१ सालीं मुंबई राज्यानें तसा कायदा केला.

ठाणें-कल्याणच्या व्यापाऱ्यांस हें नवें नाहीं. ज्याच्या हातीं तिजोरी, त्याच्याचकडे जमाखर्चाची तपासणी कोणता शहाणा पेढीवाला देईल? मग राज्याची पेढी तशी कां चालूं द्यावी? रामशास्त्र्यांचें नांव आपण आदरानें घेतों. परंतु प्रत्येक पिढींत रामशास्त्री जन्मेलच, या भरंवशावर राज्य चालत नाहीं. न्यायाधीशाची नेमणूक, वेतन व बदली अंमलदाराच्या मर्जीवर न राहील अशी व्यवस्था ठेवणें आणि तीस धक्का लागतांच जाब विचारणें, हें नागरिकांचें काम आहे.