मालमेझोंची सम्राज्ञी

जोसेफाईन म्हणजे नेपोलियनची पत्नी, एवढीच तिची ओळख आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून होते. परंतु माहेरी तिला रोझ म्हणत. रोझ म्हणजे गुलाब. जोसेफाईन हे नाव नेपोलियनने दिलेले. जुने नाव मागे पडले, गुलाबाने मात्र तिची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

२३ जून १७६३ रोजी वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या ऊसमळ्याच्या मालकाघरी तिचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी एका फ्रेंच सरदाराशी विवाह होऊन ती फ्रान्सला आली. राज्यक्रांतीच्या वावटळीत १७९४ साली पती गिलोटिनखाली गेला. ती स्वतःही तुरुंगात होती. रोब्सपिअरचा पाडाव झाला म्हणून वाचली. १७९६ मध्ये ती नेपोलियनची पत्नी झाली आणि १८०४ मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी!

नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर असताना, १७९९ मध्ये, तिने पॅरिसजवळचा मालमेझों हा वाडा विकत घेतला. तेथे देशोदेशीची झाडे आणली. इंग्लंडशी युद्ध चालू असतानाही लंडनच्या ली व केनेडी यांच्या रोपवाटिकेतून तिने रोपे मागविली. या छंदापायी कर्जही भरमसाट केले.

युरोपातील जुने गुलाब बहुधा उन्हाळ्याच्या आरंभी एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून आलेल्या गुलाबांची रीत निराळी होती. ते प्रत्येक नव्या फुटीवर कळी धरीत. हिवाळा सरताना वाळक्या व दुबळ्या काड्या काढाव्यात, उरलेल्या फांद्या डोळ्याच्या जरा वर बेताने छाटाव्यात. सुकलेली फुले वेळीच खुडावीत, म्हणजे झाडाची शक्ती फळ धरण्यात न जाता पुन्हा बहर येतो. मात्र फार खोल छाटल्यास हे नाजूक झाड रुसते.

जोसेफाईनच्या आयुष्यावरही असाच घाव पडला. नेपोलियनला वारस हवा होता. तो तिच्यापोटी झाला नाही. डिसेंबर १८०९ मध्ये भर दरबारी तिला घटस्फोट स्वीकारावा लागला. सम्राज्ञीचा किताब आणि मालमेझों मात्र तिच्याकडे राहिले. ती तेथे परतली आणि बागेत रमली. २९ मे १८१४ रोजी, गुलाबांच्या ऐन हंगामात, तेथेच तिने डोळे मिटले.

पुढे बाग विस्कटली, मालमत्ताही विकली गेली. पण तिच्या पदरी असलेल्या रदूते या चित्रकाराने १८१७ ते १८२४ या काळात गुलाबांच्या चित्रांचा अजोड ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४३ मध्ये लियों येथील बेल्यूझ याने फिकट गुलाबी रंगाचा, पुन्हा पुन्हा फुलणारा एक गुलाब निर्माण केला. त्याला मालमेझोंच्या स्मृतीचे नाव मिळाले. तो आजही लावला जातो.

ज्या वारसासाठी तिला दूर सारले, त्याला साम्राज्य लाभलेच नाही. तिच्या बागेचे नाव सांगणारा गुलाब मात्र आजही फुलतो आहे. छाटणी झाली म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहावे.